घरी ट्रकचं क्राऊन-पिनियन बसवताय? पाना फिरवण्याआधी मोजमाप समजून घ्या

बेळगाव : ऊस हंगाम तोंडावर आला की गाडीमालकांची धावपळ सुरू होते. कुणाला टायर टाकायचे असतात, कुणाला ब्रेक लायनर. आणि कुणाची तरी गाडी 'मागून वाजत' असते. स्वतःची एकच गाडी, स्वतःच ड्रायव्हर आणि जमेल तेवढं स्वतःच मिस्त्री, अशी मंडळी सीमाभागात बरीच आहेत. त्यांच्या मनात एक प्रश्न हमखास येतो : क्राऊन-पिनियन घरीच अंगणात बसवलं तर?

उत्तर एका शब्दात देता येत नाही. खोलणं आणि परत जोडणं जमतं. पाने, जॅक आणि दोन माणसं असली की ते काम होतं. अडचण मधल्या कामाची आहे, म्हणजे सेटिंगची. नवीन सेट आणला, जुन्या जागी बसवला, नट आवळले आणि झालं, असं या कामात होत नाही. केसाएवढ्या जाडीच्या शिमवर हा सगळा खेळ चालतो. म्हणून घरी काय करावं, काय करू नये आणि कोणत्या क्रमानं करावं, याची ही माहिती.

डिफ्रन्शियल नेमकं काय करतं?

गिअरबॉक्समधून निघालेली ताकद प्रोपेलर शाफ्टमधून मागे येते. तिथे छोटं पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवतं. यात दोन कामं होतात. एक, फिरण्याची दिशा काटकोनात वळते. दोन, वेग कमी होऊन ओढ वाढते. क्राऊनला ४१ आणि पिनियनला ६ दात असतील तर शाफ्टच्या ६.८३ फेऱ्यांना चाकाची एक फेरी होते. पिनियनला ७ दात असतील तर हाच हिशेब ५.८६ होतो.

तिसरं काम क्राऊनला जोडलेल्या पेटीतलं. वळणावर बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर पक्की असती तर एक चाक घासतच गेलं असतं. पेटीतले स्टार गिअर हा फरक सांभाळतात. ही रचना फार जुनी आहे. फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेक्योर यांनी १८२० च्या दशकातच, वाफेच्या गाडीसाठी, तिचं पेटंट घेतलं होतं.

घाटात याचा संबंध काय?

चोर्ला, अनमोड, आंबोली किंवा इंदूरकडच्या मंडळींचा सेंधव्याजवळचा बिजासन घाट. भरलेली गाडी उतरताना जाणता ड्रायव्हर खालचा गिअर टाकतो, एक्झॉस्ट ब्रेक वापरतो आणि पायाचा ब्रेक जपून लावतो. इंजिनाचा हा अडथळा चाकापर्यंत पोचतो तो क्राऊन-पिनियनमधूनच. दात तुटले किंवा शाफ्ट सुटला तर इंजिन आणि चाक यांचा संबंधच संपतो. मग उरतो फक्त पायाचा ब्रेक. तो सतत दाबला की ड्रम तापतो आणि पकड कमी होत जाते.

म्हणून हे काम नुसतं आवाज बंद करण्याचं नाही. चुकीच्या सेटिंगवर रिकामी गाडी शंभर किलोमीटर बिनआवाज चालेलसुद्धा. परीक्षा होते ती भरलेल्या गाडीची, उतारावर.

आधी खात्री करा : आवाज नक्की तिथलाच आहे का?

हौसिंग खोलण्याआधी खालच्या गोष्टी तपासा. पुष्कळदा दोष दुसरीकडेच निघतो.

- गिअर टाकून क्लच सोडताना 'कट्' असा आवाज : आधी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस बघा. शाफ्ट हातानं हलवून पाहिला की ढिला क्रॉस लगेच कळतो.
- ओढीवर घूं-घूं, अॅक्सिलरेटर सोडला की बंद, किंवा याच्या उलट : क्राऊन-पिनियनच्या दातांचा किंवा पिनियन बेअरिंगचा संशय.
- फक्त वळताना कुरकुर : स्टार गिअर आणि त्यांचे वॉशर. मात्र चाकाचं बेअरिंगही वळणावर वाजतं.
- रस्ता बदलला की आवाज बदलतो : तो बहुतेक टायरचा.
- वेगाबरोबर वाढणारा थरथराट : शाफ्टचं सेंटर बेअरिंग किंवा शाफ्टचा तोल.

यानंतर ड्रेन बोल्ट काढून तेल बघा. बोल्टच्या चुंबकाला राखाडी चिखलासारखी बारीक पूड चिकटलेली असेल तर ती नेहमीची झीज. पण चमचमणारे कण, पापुद्रे किंवा दाताचा तुकडा निघाला तर गाडी तिथेच उभी करा. दुधाळ तेल म्हणजे आत पाणी गेलंय.

ट्रक उभा करताना : इथे जीव जातो

या कामातला सगळ्यात मोठा धोका दातांचा नाही, गाडी सरकण्याचा आहे. त्यातली एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

गाडी गिअरमध्ये टाकली की ती जागची हलणार नाही, असं आपण धरून चालतो. पण मागचं एक चाक जॅकवर उचललं की हा भरवसा संपतो. उचललेलं चाक उलटं फिरायला मोकळं झालेलं असतं. त्यामुळे जमिनीवरचं चाक सुलटं फिरू शकतं आणि इंजिन गिअरमध्ये असूनही गाडी सरकते. डिफ्रन्शियलचा गुणच इथे वैरी होतो. ज्या गाडीचा हँडब्रेक गिअरबॉक्समागे शाफ्टवर बसवलेला असतो, तिचा हँडब्रेकही अशा वेळी उपयोगाचा नाही.

दुसरं म्हणजे, हाफ शाफ्ट बाहेर काढले की गिअरचा चाकाशी काहीच संबंध राहत नाही. घाटात बंद पडलेली गाडी ओढून नेताना शाफ्ट काढतात, तेव्हाही हेच लक्षात ठेवायचं.

म्हणून :

- गाडी रिकामी करा. जागा सपाट आणि टणक हवी. शेणानं सारवलेलं किंवा मुरमाचं अंगण जॅकखाली दबतं.
- पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून मजबूत लाकडी ठोकळे लावा. दगड-विटा नकोत. वीट फुटते.
- जॅक फक्त उचलण्यासाठी. उचललं की लोखंडी स्टँड हौसिंगखाली दोन्ही बाजूंना लावा आणि मगच खाली शिरा.
- एअर ब्रेकच्या गाडीवर मागच्या स्प्रिंगच्या डबड्याला हात लावू नका. आत दाबलेली स्प्रिंग माणूस मारू शकते.
- एकट्यानं काम करू नका. घरातलं कुणी तरी हाकेच्या अंतरावर असू द्या आणि पोरांना लांब ठेवा.

एक सोय मात्र आहे. मालट्रकांना सहसा 'फुल फ्लोटिंग' अॅक्सल असतो. गाडीचं वजन हबमधून थेट हौसिंगवर येतं, हाफ शाफ्टवर नाही. त्यामुळे चाकं न काढता, गाडी स्वतःच्या चाकांवर उभी ठेवूनच शाफ्ट ओढून काढता येतात. खाली शिरायला जागा पुरत असेल तर गाडी उचलूच नका.

उतरवणं

तेल भांड्यात काढून घ्या. गटारात किंवा शेतात सोडू नका. शाफ्टच्या जोडावर आणि पिनियनच्या फ्लँजवर खूण करून प्रोपेलर शाफ्ट सोडा, म्हणजे परत जोडताना तोल बिघडत नाही. सुटलेलं टोक लोंबकळत न ठेवता तारेनं चेसिसला बांधा.

हाफ शाफ्टचे नट काढून शाफ्ट बाहेर घ्या. काही गाड्यांना स्टडवर निमुळते कोन असतात. फ्लँजवर पितळी हातोड्याचा ठोका दिला की ते सुटतात. पण उडतातही, म्हणून नट पूर्ण न काढता शेवटच्या आट्यांवर ठेवा आणि तोंड बाजूला घ्या.

आता गोळा. लहान मालगाडीचा गोळासुद्धा एकट्याला पेलत नाही आणि मोठ्या ट्रकचा शंभर किलोच्या पुढे जातो. छातीवर घेऊन उतरवायची मर्दुमकी नको. ट्रॉली जॅकवर पाळणा करून त्यावर तो घ्या आणि बांधून खाली आणा.

खोलताना तीन गोष्टी जपा

पहिली, बेअरिंगच्या टोप्या. डावी-उजवी, वर-खाली अशी पंचनं खूण करूनच त्या काढा. गोळ्याला बसवूनच त्यांचं भोक कापलेलं असतं. अदलाबदल झाली तर बेअरिंग कधीच सरळ बसत नाही.

दुसरी, शिम. कोणती शिम कुठून निघाली, ते लिहून वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. मायक्रोमीटरनं जाडी मोजून नोंदवा. नव्या सेटची सुरुवात याच आकड्यापासून होते. जुनी शिम पुसून रद्दीत टाकणं ही घरगुती कामातली सगळ्यात महाग चूक.

तिसरी, जोडी. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात आणि दोघांवर जोडीचा एकच नंबर कोरलेला असतो. एकाचाच दात गेला तरी दोन्ही बदलायचे. दुकानातून घेतानाच नंबर जुळतो का आणि दात जुन्याइतकेच आहेत का, ते मोजून घ्या.

दातांची संख्या बदलून 'गाडी पळवायचा' मोह काही जणांना होतो. ६/४१ काढून ७/४१ टाकलं तर त्याच इंजिनफेऱ्यांना वेग साधारण १७ टक्के वाढतो, पण ओढ १४ टक्के घटते. ऊस भरून चढ चढणाऱ्या गाडीला हा सौदा परवडत नाही. शिवाय स्पीडोमीटर गिअरबॉक्सवर असेल तर तो खोटं सांगू लागतो. मागे दोन चालते अॅक्सल असतील तर दोन्हींना एकच गुणोत्तर लागतं.

पिनियन बसवणं

बेअरिंग ठोकून बसवू नका. तेलात साधारण १०० अंशांपर्यंत तापवलं की ते सहज सरकतं. गॅसची ज्योत थेट लावली तर पोलादाचं पाणी उतरतं. घरी प्रेस नसेल तर एवढं काम लेथवाल्याकडून करून घ्या. त्यात कमीपणा नाही.

आता खोली. पिनियन क्राऊनच्या किती जवळ, हे शिम ठरवते. इथे दोन प्रकार आहेत आणि त्यांची दिशा उलट आहे. पिनियन वेगळ्या केजमध्ये असेल आणि शिम केज आणि गोळा यांच्यामध्ये असेल, तर शिम वाढवली की पिनियन लांब जातं. शिम पिनियनच्या डोक्यामागे, बेअरिंगखाली असेल तर वाढवली की पिनियन क्राऊनकडे सरकतं. तुमच्या गाडीत कोणता प्रकार आहे, हे आधी ओळखा.

मग प्रीलोड, म्हणजे पिनियनच्या दोन बेअरिंगवरचा ताण. ढिलं राहिलं तर ओढीवर पिनियन मागेपुढे होतं. जास्त आवळलं तर बेअरिंग जळतं. मोजायची सोपी रीत अशी : पिनियन मऊ जबड्याच्या शिकंज्यात धरा, केजच्या गोलावर दोरी गुंडाळा, स्प्रिंगचा काटा अडकवून एकसारखं ओढा. फिरत असतानाचा आकडा घ्या, सुरुवातीच्या झटक्याचा नको. गोलाची त्रिज्या ६ सेंमी आणि काटा ३ किलो दाखवत असेल तर ताण १८ किलो-सेंमी, म्हणजे साधारण १.८ न्यूटन-मीटर. हे माप ऑइल सील बसवण्याआधी घ्यायचं. किती हवं, ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. जुन्या बेअरिंगला नव्यापेक्षा कमी लागतं.

काही लहान गाड्यांत दोन बेअरिंगमध्ये चेपणारी नळी असते. ती एकदा जास्त चेपली की नट सैल करून भागत नाही. नवीनच घालावी लागते. म्हणून नट थोडा थोडा आवळत दर वेळी मोजा.

क्राऊन आणि बॅकलॅश

क्राऊन पेटीवर बसवण्याआधी दोन्ही पृष्ठभाग रॉकेलनं स्वच्छ करा. कचऱ्याचा एक कण राहिला तरी क्राऊन वाकडं फिरतं. बोल्ट समोरासमोरच्या क्रमानं टॉर्क पान्यानं आवळा. अंदाजानं नको.

क्राऊन आणि पिनियन यांच्या दातांत थोडी मोकळीक लागते. तीच बॅकलॅश. पिनियन पक्कं धरा, डायल गेजचं टोक क्राऊनच्या दाताच्या बाहेरच्या कडेला काटकोनात टेकवा आणि क्राऊन मागेपुढे हलवा. ट्रकसाठी हा आकडा साधारण ०.१५ ते ०.३० मिमी असतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअल सांगेल. तीन-चार ठिकाणी मोजा. जागोजागी बराच फरक पडला तर क्राऊन नीट बसलेलं नाही.

कमी-जास्त करायचं तर एका बाजूचा अॅडजस्टिंग नट जितके खाचे सैल कराल, तितकेच खाचे दुसऱ्या बाजूचा आवळा. मग बेअरिंगचा ताण बदलत नाही आणि फक्त क्राऊन सरकतं.

दातावरची खूण : शेवटचा निकाल

सगळे आकडे बरोबर आले तरी शेवटचं खरं-खोटं दातच सांगतात. क्राऊनच्या सात-आठ दातांना प्रशियन ब्लूचा पातळ हात द्या. लाकडी दांड्यानं क्राऊनला थोडा अडथळा देत पिनियन दोन्ही दिशांना फिरवा. दातावर उमटलेली खूण अशी वाचा :

- खूण दाताच्या मध्यभागी, किंचित आतल्या अरुंद टोकाकडे : बरोबर.
- खूण मुळाशी : पिनियन फार आत आहे, लांब घ्या.
- खूण शेंड्याला : पिनियन लांब आहे, जवळ आणा.
- खूण आतल्या टोकालाच चिकटलेली : बॅकलॅश कमी, क्राऊन पिनियनपासून दूर करा.
- खूण बाहेरच्या रुंद टोकाला : बॅकलॅश जास्त, क्राऊन जवळ आणा.

आधी पिनियनची खोली, मग बॅकलॅश, हा क्रम पाळा. शिम बदलली की बॅकलॅशही बदलतो, तो परत मोजावा लागतो. दाताच्या दोन्ही बाजू बघा. फुगीर बाजू गाडी ओढताना काम करते, खोलगट बाजू इंजिन ब्रेकला. चढाची काळजी घेऊन उताराची बाजू न पाहणं म्हणजे अर्धंच काम.

तीन-चारदा शिम बदलूनही खूण मध्ये येत नसेल तर थांबा. गोळा उचलून चांगल्या गिअर मिस्त्रीकडे न्या. गोळा वेगळा निघतो, त्यामुळे गाडी ओढून न्यायची गरज नाही. खोलणं-जोडणं घरी आणि सेटिंग तेवढं बाहेर, अशी वाटणीही चांगली. त्यातही मजुरी वाचतेच.

परत चढवताना

हौसिंग आतून पूर्ण पुसून काढा. जुन्या दाताचा एक कण नव्या सेटला पुरेसा असतो. ऑइल सील नवीन घाला. हौसिंगवरचं श्वासाचं छोटं भोक चिखलानं बुजलेलं असेल तर मोकळं करा. ते बंद राहिलं की तापलेलं तेल सीलमधून वाट काढतं आणि ब्रेक ड्रममध्ये शिरतं. लायनर तेलकट झाला की ब्रेक लागत नाही.

हायपॉइड दात एकमेकांवर घसरतात, म्हणून त्यांना जीएल-५ दर्जाचं तेल लागतं. ८५डब्ल्यू-१४० की ८०डब्ल्यू-९०, हे मॅन्युअल बघून ठरवा. इंजिन ऑइल किंवा 'उरलंय ते' चालणार नाही. भरायच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत तेल घाला. थोडं चालवून परत बघा, कारण काही तेल हबमध्ये जातं.

पहिले काही दिवस

पहिली फेरी रिकामी, सपाट रस्त्यानं, २०-३० किलोमीटरची. मग थांबून हौसिंगजवळ हात न्या. कोमट-गरम चालेल, पण हात टेकवत नसेल तर बेअरिंग आवळलं गेलंय. पूर्ण थंड होऊ द्या. पहिले ७००-८०० किलोमीटर पूर्ण भार आणि घाट टाळा. त्यानंतर तेल बदला आणि चुंबक पुन्हा बघा.

वहीच्या एका पानावर जोडीचा नंबर, शिमची जाडी, बॅकलॅश, प्रीलोड, तेल घातल्याची तारीख आणि किलोमीटर लिहून गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. पुढच्या खेपेला गोळा तुम्ही खोला, तुमचा मुलगा खोलो की परमुलखातला मिस्त्री, त्याला अंदाजावर काम करावं लागणार नाही.